श्वासाचे रहस्य शोधणारे जॉन स्कॉट हॉल्डेन

वाचकांपैकी कोणी बसल्या जागी नाकतोंड बंद करून घड्याळाकडे पाहावे. पहिली वीस-पंचवीस सेकंदे सहज निघून जातात. पुढे छातीत तगमग सुरू होते, गळा आवळल्यासारखा वाटतो, आणि मिनिटाच्या आसपास बहुतेकांचा निश्चय ढासळून श्वास आपोआप सुरू होतो. मनाची इच्छा मोडून शरीराला श्वास घ्यावयास लावणारी ही आज्ञा कोठून येते? आमच्या परिचयाच्या काही विद्यार्थ्यांना आम्ही हा प्रश्न केला, तेव्हा शरीरातील प्राणवायू संपत आल्यामुळे असे होते, असे उत्तर बहुतेकांनी दिले. उत्तर सरळ आहे, परंतु बरोबर नाही. योग्य उत्तर शोधून काढण्यासाठी ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, विषारी वायू प्रथम स्वतः हुंगून पाहिले, आणि त्या ज्ञानाचा उपयोग खाणीत व गटारात राबणाऱ्या मजुरांचे प्राण वाचविण्याकडे केला, त्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे चरित्र आम्ही या अंकात थोडक्यात सांगणार आहोत.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० च्या मे महिन्यात स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. घराणे जुने व प्रतिष्ठित होते. त्या घराण्याचे बोधवाक्य एकाच शब्दाचे असून त्याचा अर्थ सोसणे असा आहे. जॉन यांनी पुढे तो शब्द अक्षरशः खरा करून दाखविला. त्यांचे वडील बंधू रिचर्ड हे राजकारणात शिरून ब्रिटनचे युद्धमंत्री व पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाले. बहीण एलिझाबेथ लेखिका व समाजसेविका म्हणून नावारूपास आली. मामा जॉन बर्डन सँडरसन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. जॉन यांनी एडिंबरो येथे वैद्यकाचा अभ्यास करून १८८४ मध्ये पदवी घेतली. दवाखाना थाटून सुखाने राहण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु त्यांचे लक्ष रोग्याच्या नाडीपेक्षा रोगी ज्या हवेत राहतो त्या हवेकडे अधिक लागले होते.

त्यांचे कार्य नीट समजण्यासाठी आपल्या श्वसनसंस्थेची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. नाकातून आत आलेली हवा तेथील केसांमुळे व ओलाव्यामुळे गाळली जाते, थोडी उबदार होते आणि घशातून श्वासनलिकेत उतरते. श्वासनलिकेस दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांस आणखी फाटे, आणि असे करीत करीत झाडाच्या डहाळ्यांप्रमाणे बारीक झालेल्या नळ्या अतिसूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. छाती व पोट यांच्या मधला श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आकुंचन पावून खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. तोच स्नायू सैल पडला म्हणजे हवा बाहेर पडते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सुमारे बारा ते सोळा वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो.

वायुकोशाची भिंत इतकी पातळ असते की, तिच्या एका अंगाला हवा व दुसऱ्या अंगाला केशवाहिन्यांतील रक्त अशी स्थिती असूनही दोहोंत वायूंची देवघेव सहज होते. प्राणवायू रक्तात शिरतो व तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या द्रव्यास चिकटून सर्व शरीरभर जातो. पेशींत अन्नाचे मंद ज्वलन होऊन जो कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, तो रक्ताबरोबर परत येऊन उच्छ्वासावाटे बाहेर जातो. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू शेकडा २१ च्या जवळपास असतो, बाहेर सोडलेल्या हवेत तो शेकडा १६ च्या आसपास उरतो. उलट कार्बन डायऑक्साइड नाममात्र असतो तो शेकडा ४ पर्यंत वाढतो. हॉल्डेन यांच्या तरुणपणी यांतील बराच भाग ज्ञात होता. ज्ञात नव्हते ते एवढेच की, धावताना किती हवा लागेल व झोपेत किती पुरेल, याचा हिशेब शरीर कसा ठेवते.

पदवीनंतर हॉल्डेन डंडी या गिरणगावात गेले. तेथील महाविद्यालयातील रसायनाचे प्राध्यापक थॉमस कार्नेली यांच्याबरोबर त्यांनी गरिबांच्या घरांतील व शाळांतील हवा तपासण्यास आरंभ केला. मध्यरात्र उलटल्यावर उपकरणे घेऊन एका खोलीत दाटीने झोपलेल्या कुटुंबांची दारे ठोठवायची आणि त्यांच्या अंथरुणांजवळची हवा बाटल्यांत भरून आणायची, असा त्यांचा क्रम होता. माणसांची दाटी जितकी अधिक तितकी हवा अधिक दूषित, हे १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आकड्यांनी मांडले गेले. शाळांच्या बाबतीत, जेथे हवा खेळती ठेवण्याची योजना केलेली होती, तेथील हवा इतर शाळांच्या हवेपेक्षा पुष्कळच स्वच्छ असल्याचे दिसून आले. वर्गाची खिडकी उघडण्यास आळस करणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनी हा निष्कर्ष अवश्य लक्षात ठेवावा.

त्याच वर्षी ते ऑक्सफर्डला मामांच्या प्रयोगशाळेत आले. उच्छ्वासातून एखादे गूढ सेंद्रिय विष बाहेर पडते व त्यामुळे कोंदट खोलीत जीव घाबरा होतो, असे मत त्या काळी अनेक विद्वान मांडीत असत. हे मत खरे की खोटे हे ठरविण्यासाठी हॉल्डेन यांनी लोरेन स्मिथ या सहकाऱ्याच्या मदतीने एक हवाबंद पेटी तयार करविली आणि तिच्यात स्वतःला कोंडून घेतले. तास उलटत, पेटीतील हवा बिघडत जाई, आणि आतला मनुष्य आपल्या श्वासाचे निरीक्षण करीत बसे. कार्बन डायऑक्साइड शेकडा ३ ते ४ झाला म्हणजे श्वास स्पष्टपणे जोराने चालू लागतो, असे त्यांना आढळले. तोच वायू शोषून घेतला, तर प्राणवायू बराच कमी होऊनही फारसा त्रास जाणवत नसे. गूढ विषाचा मागमूसही लागला नाही. यातून एक भयंकर गोष्टही उघड झाली. प्राणवायूची उणीव माणसाला फारशी सूचना न देताच त्याला बेशुद्ध करू शकते.

ही गोष्ट किती खरी आहे, याचा प्रत्यय देणारी एक घटना १८९५ च्या जुलैत लंडनजवळ ईस्ट हॅम येथे घडली. तेथील मलजल उपसण्याच्या ठिकाणी विहिरीत उतरलेला एक मजूर कोसळला. त्याला वाचविण्यासाठी त्याचे सोबती एकामागून एक खाली उतरले आणि चौघेही तेथेच मृत्यू पावले. एका जिवासाठी पाच जीव गेले. हॉल्डेन यांनी चौकशी करून हा घात हायड्रोजन सल्फाइड या वायूने केल्याचे दाखविले. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू प्रमाण वाढले म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे धोका वाढत असताना वास मात्र नाहीसा झाल्यासारखा वाटतो. या घटनेस सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. आपल्या देशात गटारे व मैल्याच्या टाक्या यांत संरक्षणावाचून माणसे उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केलेली आहे, तरीही अशाच रीतीने सफाई कामगार आणि त्यांना काढावयास उतरलेले त्यांचे भाईबंद प्राणास मुकल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच असतात. ज्ञान असूनही ते वापरले न जाणे, ही अज्ञानापेक्षा अधिक लाजिरवाणी गोष्ट होय.

याच सुमारास हॉल्डेन यांचे लक्ष कोळशाच्या खाणींकडे वळले. खाणीत स्फोट झाल्यावर शेकडो मजूर मरत, आणि ते स्फोटाच्या धक्क्याने किंवा भाजून मेले, अशीच सर्वसाधारण समजूत होती. हॉल्डेन यांना कार्बन मोनॉक्साइड या वायूचा संशय होता. जळण अर्धवट जळले म्हणजे हा वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि एकदा चिकटला की प्राणवायूला जागा उरत नाही. फुप्फुसांत हवा भरपूर, छाती व्यवस्थित हलते आहे, तरीही शरीर आतून गुदमरत जाते, असा हा विलक्षण प्रकार आहे.

या वायूचा मनुष्यावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी दुसऱ्या कोणाला बसविले नाही. १८९५ मध्ये ते स्वतः हा वायू मिसळलेली हवा हुंगीत बसले. मधून मधून आपल्या रक्ताचा थेंब तपासून किती हिमोग्लोबिन निकामी झाले, ते मोजावयाचे आणि आपली लक्षणे टिपून ठेवावयाची, असा प्रयोग त्यांनी अनेकदा केला. प्रमाण वाढत गेले तसे डोके दुखू लागले, नजर मंद झाली, पायांतील त्राण गेले. एका प्रयोगात त्यांचे निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या वायूने अडविले, तेव्हा कोठे ते थांबले. याच प्रयोगांत उंदरासारख्या लहान प्राण्यावर या वायूचा परिणाम माणसापेक्षा कितीतरी लवकर होतो, असे त्यांना दिसून आले. लहान प्राण्याच्या शरीराचे व्यवहार जलद चालतात, त्याचा श्वास जलद असतो, म्हणून विषही त्यास लवकर गाठते.

या निरीक्षणाचा उपयोग करण्याची वेळ लवकरच आली. २७ जानेवारी १८९६ रोजी दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे दगावली. हॉल्डेन तेथे जाऊन पोहोचले, खाणीत उतरले आणि मृतदेहांची त्यांनी बारकाईने तपासणी केली. बहुतेकांच्या अंगावर मृत्यू यावा अशा जखमा नव्हत्या, परंतु रक्त व त्वचा यांस गुलाबी झाक आली होती. कार्बन मोनॉक्साइडने हिमोग्लोबिन व्यापले म्हणजे असाच रंग येतो. स्फोटातून जिवंत राहिलेली माणसे बाहेर पडण्याच्या वाटेवर या वायूने गारद झाली होती, असा त्याचा अर्थ झाला. खाणकामगाराच्या हातातील दिवाही त्यांना सावध करू शकला नसता. कारण मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसा कार्बन मोनॉक्साइड असला तरी त्या दिव्याची ज्योत तशीच जळत राहते.

त्याच वर्षी सरकारला सादर केलेल्या अहवालात हॉल्डेन यांनी, स्फोटानंतर मदतीस उतरणाऱ्या पथकांनी पिंजऱ्यात लहान प्राणी बरोबर न्यावा, अशी शिफारस केली. उंदरापेक्षा कॅनरी नावाचा पिवळा, गाणारा पक्षी या कामास अधिक सोयीचा ठरला, कारण तो घाबरा झाला किंवा दांडीवरून खाली पडला म्हणजे दुरूनही दिसतो. पक्ष्याची ही स्थिती दिसताच माणसांनी माघारी फिरावयाचे. पुढे काही पिंजऱ्यांना प्राणवायूचे लहान नळकांडे जोडण्यात आले, जेणेकरून तो मुका सोबतीही वाचावा. ब्रिटनमधील खाणींत ही प्रथा जवळजवळ नव्वद वर्षे टिकली. १९८६ मध्ये कॅनरींच्या जागी विजेवर चालणारी वायुमापक यंत्रे आणण्याचे ठरले.

आता आम्ही आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. वायुकोशांतील हवा नेमकी कशी असते, हे जाणल्याशिवाय श्वासाच्या नियंत्रणाचे कोडे सुटणार नाही, हे हॉल्डेन यांनी ओळखले होते. परंतु जिवंत माणसाच्या फुप्फुसाच्या तळाची हवा काढावयाची कशी? त्यांनी आणि जॉन गिलिस प्रीस्टली या तरुण सहकाऱ्याने शोधलेली युक्ती अगदी साधी होती. सुमारे चार फूट लांबीची रबरी नळी घ्यावयाची, तिच्यात जोराने व पूर्णपणे उच्छ्वास सोडावयाचा आणि लगेच जिभेने तोंडाकडील बाजू बंद करावयाची. सर्वांत शेवटी बाहेर पडलेली हवा, म्हणजे वायुकोशांतील हवा, नळीच्या तोंडाजवळ राहते. तेथूनच नमुना काढून घ्यावयाचा.

या नळीने शेकडो नमुने घेतल्यावर असे दिसले की, स्वस्थ असलेल्या एकाच माणसाच्या वायुकोशांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दिवसेंदिवस आश्चर्य वाटावे इतके स्थिर राहते. ते शेकडा साडेपाचच्या थोडे वर होते. हे प्रमाण शेकडा केवळ ०.२ ने वाढले, तर श्वासाने आत जाणारी हवा दुप्पट होत असे. त्यांनी आपली नळी ब्रिटनमधील सर्वांत उंच अशा बेन नेव्हिस शिखरावर नेली, कॉर्नवॉलमधील डॉल्कोथ खाणीच्या तळाशी नेली, दाबलेल्या हवेच्या पोलादी कोठीतही नेली. हवेचा दाब बदलला तसे शेकडा प्रमाण बदलले, परंतु त्या वायूचा प्रत्यक्ष दाब जवळजवळ तेवढाच राहिला. १९०५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि श्वसनविषयक शास्त्राला नवी दिशा मिळाली.

त्याचा अर्थ असा की, सामान्य परिस्थितीत आपला श्वास प्राणवायूच्या उणिवेने चालविला जात नाही, तर कार्बन डायऑक्साइडच्या वाढीने चालविला जातो. आपण जिना धावत चढलो की स्नायूंत हा वायू अधिक तयार होतो, रक्तातील त्याचे प्रमाण किंचित वाढते, मेंदूच्या खालच्या टोकाशी असलेल्या लंबमज्जेतील श्वसनकेंद्रास तो बदल कळतो, आणि ते केंद्र श्वासपटलास व बरगड्यांच्या स्नायूंस अधिक जोराने काम करण्यास लावते. जास्तीचा वायू निघून गेला म्हणजे श्वास पुन्हा पूर्ववत होतो. पुढील संशोधनाने यात अधिक तपशील भरला. कार्बन डायऑक्साइडमुळे मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता वाढते व ती आम्लता श्वसनकेंद्रास चेतविते, असे आता आपण जाणतो. मानेतील धमन्यांजवळ असलेल्या लहान ग्रंथी प्राणवायू फारच घटल्यास मेंदूस तसे कळवितात, हेही नंतर समजले. त्या शोधाबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हॉल्डेन यांचे घर हीदेखील एक प्रयोगशाळाच होती. १८९१ मध्ये त्यांचा लुईसा ट्रॉटर यांच्याशी विवाह झाला. जॅक हा मुलगा व नेओमी ही मुलगी अशी दोन अपत्ये त्यांना होती. जॅक लहान असताना वडिलांनी त्यास एका खाणीत नेले, छताशी मिथेन वायू साठलेल्या जागी उभे केले आणि पाठ असलेल्या एका नाटकातील भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात मुलाचा श्वास जलद झाला, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत हवा चांगली असल्याने तो लगेच सावध झाला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो व श्वासाने प्राण घेत नसला तरी प्राणवायूची जागा बळकावतो, हा धडा त्यास जन्मभर पुरला. आजच्या पालकांस ही शिक्षणपद्धती मानवणार नाही, आणि आम्हीही तिची शिफारस करीत नाही.

१९०६ पासून हॉल्डेन यांनी नौदलासाठी पाणबुड्यांचा प्रश्न हाती घेतला. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नत्रवायू रक्तात व मांसात अधिक विरघळतो. पाणबुड्या झपाट्याने वर आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्याप्रमाणे त्या वायूचे बुडबुडे निर्माण होतात. त्यामुळे सांधे असह्य दुखतात, अर्धांग होतो किंवा मृत्यू येतो. पोलादी कोठीत बकऱ्यांवर व नंतर माणसांवर प्रयोग करून त्यांनी वर येताना कोणत्या खोलीवर किती वेळ थांबावे, याची कोष्टके बसविली आणि १९०८ मध्ये बॉयकॉट व डॅमंट यांच्यासह प्रसिद्ध केली. त्या प्रयोगांत नौदलाचे पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. तेरा वर्षांच्या जॅकलाही मोठ्या मापाचा पोशाख चढवून पाण्यात उतरण्याची संधी मिळाली, आणि पोशाखात पाणी झिरपूनही तो घाबरला नाही. कोष्टकांतील आकडे पुढे सुधारले गेले, परंतु टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तत्त्व आजही पाळले जाते.

१९११ मध्ये हॉल्डेन अमेरिकेतील कोलोराडो संस्थानात पाइक्स पीक या सुमारे १४,१०० फूट उंच शिखरावर सहकाऱ्यांसह काही आठवडे राहिले. विरळ हवेत शरीर हळूहळू कसे रुळते, श्वास कसा खोल होतो व रक्तातील हिमोग्लोबिन कसे वाढते, याची मोजमापे त्यांनी घेतली. मेबल फिट्झजेराल्ड या त्यांच्या सहकारी विदुषीने त्याच मोहिमेत कोलोराडोतील उंचावरच्या खाणवस्त्यांत एकटीने हिंडून मौलिक निरीक्षणे जमविली. तथापि येथे हॉल्डेन यांची एक चूकही सांगितली पाहिजे. उंचावर फुप्फुसे प्राणवायू केवळ झिरपू देत नाहीत, तर तो स्वतः जोर लावून रक्तात ढकलतात, असे मत त्यांनी मांडले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही. डेन्मार्कचे क्रोग व इंग्लंडचे बारक्रॉफ्ट यांच्या प्रयोगांनी ते मत चुकीचे ठरविले. मोठ्या माणसाचे मोठेपण कबूल करूनही त्याचे मत तपासून पाहावे, ही शास्त्राची रीत आहे, आणि स्वतः हॉल्डेन यांनी उच्छ्वासातील विषाच्या कल्पनेबाबत तेच केले होते.

२२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने विषारी वायू सोडला. हॉल्डेन यांना तातडीने फ्रान्सला पाठविण्यात आले. तो वायू क्लोरीन असल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि परत येऊन सैनिकांसाठी मुखवटे तयार करण्याच्या कामास ते लागले. येथेही परीक्षा प्रथम स्वतःवर. ते व त्यांचे सहकारी क्लोरीन सोडलेल्या कोठीत बसून खोकत, डोळे चोळत मुखवट्यांची पारख करीत. याच दिवसांत वडील बंधू रिचर्ड यांच्यावर जर्मनीचे पक्षपाती असल्याचा खोटा आरोप होऊन त्यांना मंत्रिपद गमवावे लागले. एक भाऊ देशासाठी विष हुंगीत होता आणि दुसऱ्यास देशद्रोही म्हटले जात होते. वायूने फुप्फुसे सुजलेल्या सैनिकांना प्राणवायू कसा द्यावा, याचाही हॉल्डेन यांनी विचार केला. तोपर्यंत रोग्याच्या तोंडासमोर नरसाळे धरून प्राणवायू सोडीत, आणि तो बहुतेक वाया जात असे. त्यांनी मोजून व सतत प्राणवायू देणारा मुखवटा तयार केला आणि १९१७ मध्ये त्या उपचारपद्धतीवर लेख लिहिला. २०२१ च्या साथीत आपल्या गावोगावी प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी जी धावपळ झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको.

युद्धानंतरही खाणकामगारांशी असलेला त्यांचा संबंध तुटला नाही. खाणीतील उष्णता, धूळ व वायू यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा त्यांनी अनेक वर्षे चालविली. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक देऊन गौरविले. वयाच्या पंच्याहत्तरीतही ते इराण व इराक येथील तेलाच्या कारखान्यांत कामगारांना उष्माघात का होतो, हे पाहावयास गेले. त्या प्रवासाहून परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि १९३६ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे देहावसान झाले. ज्यांनी जन्मभर फुप्फुसांचा अभ्यास केला, त्यांचा अंत फुप्फुसांच्याच रोगाने व्हावा, हा दैवदुर्विलास होय.

खाणीत नाटकातील भाषण म्हणणारा तो जॅक म्हणजेच प्रख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, येथील नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. मृत्यूनंतर आपला देह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्याची व्यवस्थाही त्यांनी करून ठेवली होती. स्वतःचे शरीर ज्ञानाच्या कामी लावण्याचा पित्याचा कित्ता पुत्राने अशा रीतीने मृत्यूनंतरही गिरविला.

या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु आमच्या वाचक कुटुंबांनी निदान तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून कोणीही झोपू नये. त्या खोलीत साठणारा वायू टायलर्सटाउनच्या खाणीतलाच आहे, आणि आपल्यापाशी कॅनरी नाही. जुन्या विहिरीत किंवा टाकीत कोणी कोसळला, तर त्याच्यामागे उडी घेऊन आणखी एक जीव घालवू नये. वरूनच दोर लावून ओढता येत असेल तर ओढावे आणि हवेचे साधन घेऊन येणाऱ्या अग्निशामक दलास तत्काळ बोलवावे. आणि उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीवर किंवा नदीवर पोहणाऱ्या मुलांनी, पाण्याखाली अधिक वेळ राहण्याची पैज मारून आधी भराभर खोल श्वास घेण्याचा खेळ कधीही करू नये. तसे केल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, परंतु कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो, म्हणजे धोक्याची घंटा वाजविणारा पहारेकरीच हाकलला जातो. मग श्वास घेण्याची इच्छा होण्यापूर्वीच प्राणवायू संपतो आणि चांगला पोहणारा मुलगाही पाण्याखाली निःशब्दपणे बेशुद्ध होतो.

लेखाच्या आरंभी नाक दाबून बसलेल्या वाचकाच्या छातीत जी तगमग झाली, ती त्याच पहारेकऱ्याची हाक होती. ती हाक कोणाची आहे, हे हॉल्डेन यांनी आपल्याला सांगून ठेवले आहे. ती ऐकणे व दुसऱ्यांना ऐकविणे हे आपल्या हाती आहे.